गाव कोणतं तुमचं?

प्रिय ताई,

मी 33 वर्षांची. जन्म उल्हासनगरचा, कॅम्प चार. आता लग्न होऊन डोंबिवलीत. सासर मराठी, चार वर्षांची लेक मराठीच बोलते, मीही हे पत्र मराठीतच लिहितेय. तक्रार कशाचीच नाही. पण मे महिना आला की सोसायटी अर्धी रिकामी होते, सगळे 'गावाला' जातात. हळदीकुंकवाला कोणीतरी विचारतंच, "गाव कोणतं तुमचं?" उल्हासनगर म्हटलं की, "ते नाही गं, मूळ गाव?" हैदराबाद सांगितलं तर सासूबाईंच्या मैत्रिणीने बिर्याणीची चौकशी केली. आमचं हैदराबाद सिंधमधलं. ते मी पाहिलेलं नाही, बाबांनीही नाही.

गेल्या वर्षी आजोबा गेले, 91व्या वर्षी. चौदा वर्षांचे असताना कराचीहून बोटीने मुंबईला आले होते. शेवटचे दोन महिने स्वतःच्याच पलंगावर बसून म्हणायचे, "मूंखे घरि वञिणो आहे." मला घरी जायचंय. बाबा सांगायचे, घरातच आहात. मग ते गप्प व्हायचे आणि तासाभराने परत तेच.

त्यांच्या ट्रंकेत तीन वह्या निघाल्या. उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या, शाई फिकट झालेली. घरात कोणालाच वाचता येत नाहीत. बाबा सिंधी अस्खलित बोलतात, पण ही लिपी ते शिकलेच नाहीत. मला तर धड बोलताही येत नाही, समजतं तेवढं समजतं. बाबा म्हणतात, "नदीत सोड. रडगाण्याशिवाय काय असणार त्यात?" आणि मला झोप लागत नाही. मला तर कुठूनच कोणी हाकललं नाही. मग न पाहिलेल्या ठिकाणाची हुरहुर मला का? मी नक्की कुठली? लेकीला काय सांगू?

— कॅम्प चारची लेक, डोंबिवली

*

बाळ,

वह्या नदीत सोडू नकोस. बाकी सगळं पुढे बोलू, आधी हे. उद्या सकाळी खिडकीजवळच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढ, ओळीने, कोरी पानंसुद्धा. फाटक्या कडांना चिकटपट्टी लावू नकोस आणि कोणी प्रेमाने लॅमिनेशन सुचवलं तर ऐकू नकोस. मग सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेव. माळ्यावर नको, पावसाळ्यात तिथे ओल धरते.

आता माझं जरा ऐक. मी कल्याणची. आमच्या वाड्यातून उल्हासनगर हाकेच्या अंतरावर, तरी आमच्या घरात त्याला 'कॅम्प' हाच शब्द होता. "कॅम्पात स्वस्त मिळतं," "कॅम्पातलं आहे, टिकायचं नाही." वस्तूवर 'मेड इन यूएसए' दिसलं की उल्हासनगर सिंधी असोसिएशन म्हणून हसायचं. सापाची आणि सिंध्याची ती घाणेरडी म्हण मी स्वतः शाळेत म्हटलेली आहे, शेजारच्या बाकावर एक सिंधी मुलगी बसलेली असताना. ती काही बोलली नाही. डब्यातली कोकी तिने त्या दिवशीही मला दिली. तुझ्या बाबांना ती वही नकोशी का वाटते, हे कळायला मला तिथूनच सुरुवात करावी लागते.

तुझे बाबा साठीच्या आसपासचे असतील. म्हणजे ते जन्मले तोवर तो लष्करी छावण्यांचा पसारा गाव झाला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी, त्यात गोणपाटाचे नाहीतर साड्यांचे पडदे लावून संसार मांडलेले. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि जवळून वाहणाऱ्या नदीवरून उल्हासनगर हे नाव पडलं. पण पत्त्यात बराकीचा आणि कॅम्पाचा नंबर राहिला तो राहिलाच. विस्थापितांना 'शरणार्थी' म्हटलं की त्यांच्यातले कितीतरी जण रागावून 'पुरुषार्थी म्हणा' असं सांगत. लोकलमध्ये पेपरमिंटच्या गोळ्या, कंगवे, पेनं विकणारी सिंधी पोरं होती, हात पसरणारं पोर नव्हतं, असं माझे वडील सांगायचे, आणि ते सहसा कोणाचं कौतुक करत नसत. अशा घरातल्या मुलाला एकच शिकवण मिळते: मागे बघायचं नाही, धंद्याची भाषा शिकायची. बाबांनी तेच केलं. त्यांना त्या वहीतून आवाज येतो तो बराकीचा, आणि तुला हैदराबादचा. वही तीच आहे.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला लवकर कळावी अशी आहे, कारण हुतात्मा चौकावरून आपण येता-जाता बघतो की भाषेला राज्य मिळावं म्हणून माणसं काय काय करतात. फाळणीत पंजाब तुटला, बंगाल तुटला, पण अर्धा अर्धा का होईना इकडे उरला. सिंध तुटला नाही. तो अख्खा गेला. 1 मे 1960 ला आपल्याला महाराष्ट्र मिळाला तेव्हा सिंधीला काय मिळालं? एसटीच्या पाटीवर ती भाषा नाही, तहसील कचेरीत नाही, रेशनकार्डावर नाही. आठव्या अनुसूचीत नाव यायलाच 10 एप्रिल 1967 उजाडलं. भाषा घरात बोलली जाते खरी, पण टिकते ती बाहेरच्या या असल्या रटाळ कागदांवर. तुझ्या बाबांची पिढी आळशी नव्हती गं. तिला ती लिपी वापरायला जागाच नव्हती.

त्यात भांडण घरातलंच. इकडे आल्यावर सिंधी कुठल्या लिपीत लिहायचं यावर सिंधी लेखक-शिक्षकांत वर्षानुवर्षं जुंपली होती. एक बाजू म्हणे देवनागरी घ्या, मुलं भारतात वाढणार आहेत. दुसरी म्हणे, अरबी वळणाची लिपी सोडली तर सिंधमध्ये राहिलेल्यांशी आणि सगळ्या छापील साहित्याशी नाळ तुटेल. दोघांचंही खरं होतं. अखेर दोन्ही लिप्या चालू राहिल्या आणि बऱ्याच घरांत मुलं दोन्ही न शिकता इंग्रजीकडे गेली. तुझं घर त्यातलंच एक.

वह्यांतल्या त्या अरबी वळणाच्या लिपीबद्दल थोडं सांगते, म्हणजे तुझी भीती कमी होईल. ती काही सनातन वगैरे नाही. 1853 मध्ये इंग्रज सरकारने तिला आजचं रूप ठरवून दिलं. अक्षरं 52. त्याआधी पेढीवरचे हिशेब खुदाबादी वळणाच्या लिपीत चालत, आणि ती लिपी शाळेसाठी नीट बसवण्याचं काम 1868 मध्ये ज्यांच्याकडे सोपवलं गेलं ते सिंधचे शिक्षणाधिकारी होते नारायण जगन्नाथ वैद्य. नावावरून ओळखलंसच. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता, 1936 पर्यंत होता. कराचीत 1855 ची एक सरकारी शाळा आजही वैद्यांच्या नावाने ओळखली जाते. सासूबाईंच्या मैत्रिणीला हे जरूर सांग, बिर्याणीचा विषय निघाला की.

हैदराबादच्या घोटाळ्यावर मी तर हसलेच. तुला माहीत आहे का, तुमच्या हैदराबादेत 'बॉम्बे बेकरी' आहे आणि निजामाच्या हैदराबादेत फाळणीनंतर आलेल्या सिंधी माणसाने काढलेली 'कराची बेकरी'. माणसं अशी आपली गावं दुकानाच्या पाटीवर लिहून ठेवतात. मुंबईत केसी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं मूळ नावच 'हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड'. कंसातल्या त्या एका शब्दासाठी कोणीतरी केव्हातरी बैठकीत भांडलं असणार, अशी माझी आपली कल्पना. तुझ्या गावातलं सीएचएम कॉलेजही त्याच संस्थेचं.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. थोडं कडक बोलते, राग मानू नकोस.

आजोबांचं देशांतर तुझं नाही. त्यांचं काय गेलं याची यादी तुला करताही येणार नाही. हैदराबादच्या जुन्या फोटोंत गच्च्यांवर ओळीने उभे दिसतात ते वारा पकडायचे झरोके, त्यांना 'मंघ' म्हणतात. सगळे एकाच दिशेला तोंड करून, समुद्राकडून येणारा वारा खालच्या खोल्यांत ओढून घेणारे. चौदा वर्षांच्या मुलाने उन्हाळ्याच्या दुपारी त्या झरोक्याखाली झोप काढली असेल आणि मग कल्याणच्या पत्र्याखाली पहिला मे महिना काढला असेल. ती झोप त्याची होती. तू ती आठवायला गेलीस तर जे येईल ते सिनेमातलं असेल. दुसऱ्याचं दुःख अंगावर घालून मिरवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यातली काही परदेशात बसून मराठी संस्कृती बुडाल्याबद्दल मला लांबलचक पत्रं पाठवतात.

पण तुझं स्वतःचं असं एक गेलं आहे, आणि तू पत्रात ते एका ओळीत उरकलंस. तुला वाचता येत नाही. आजोबांची माती गेली, बाबांची लिपी गेली, तुझं बोलणं गेलं. तिघांचं नुकसान वेगवेगळं आहे. मातीचं काही करता येत नाही. आज व्हिसा मिळवून हैदराबादला जाणं जवळपास अशक्यच आहे. लिपीचं मात्र करता येतं. रोज अर्धा तास दिलास तर दिवाळीपर्यंत अक्षरं जुळवायला लागशील. राष्ट्रीय सिंधी भाषा विकास परिषद सिंधी शिकायचे वर्ग चालवते, त्यांची चौकशी कर. त्याहून सोपं म्हणजे कॅम्पातल्या एखाद्या टिकाण्यात, म्हणजे सिंधी प्रार्थनास्थळात, किंवा झूलेलाल मंदिरात जाऊन विचार की इथे कोण अजून जुनं सिंधी वाचतं. ऐंशीच्या पुढची एखादी निवृत्त बाई नक्की भेटेल, आणि ती पैसे घेणार नाही. पापड आणि पाणी मात्र तुलाच देईल.

वह्या तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. अक्षरं तिच्याकडून शीक आणि वही बाबांसमोर उघड.

असं का, ते सांगते. या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. ज्याला भाषा येते त्याला ते आपोआप कळतात, तुला कळणार नाहीत. तू अडखळत, चुकीचे स्वर घालून वाचशील. तुला वाचता येईल पण अर्थ लागणार नाही, बाबांना अर्थ लागेल पण वाचता येणार नाही. तू शब्द चुकलीस की ते पेपरातून डोकं वर काढून दुरुस्त करतील, करणारच, चुकीचं सिंधी ऐकून गप्प बसणारा बाप अजून जन्मायचा आहे. विशेषतः ते चार आवाज, जे श्वास आत ओढून काढायचे असतात. आजोबांना सिंधीत 'ॾाॾो' म्हणतात. ड खाली रेघ देऊन लिहितात कारण तो आपला ड नव्हे, तो घशाकडे गिळल्यासारखा येतो. तू 'दादो' म्हणशील आणि बाबा हसतील. त्यांच्याशी बोलायला बस, तुमच्या भावना काय आहेत वगैरे विचार, असं मी तुला सांगणार नाही. त्या पिढीला तसं विचारलं की ती उठून गाडीला कपडा मारायला जाते.

वहीत काय निघेल? मला माहीत नाही, आणि तूही ठरवून ठेवू नकोस. उधारीचा हिशेब निघू शकतो. कोणाच्या तरी बद्दल कडवट, ऐकवणार नाही असं काही निघू शकतं; जानेवारी 1948 च्या कराचीच्या दंगलीनंतर बोटीवर चढलेला मुलगा होता तो, त्याला संत करायची गरज नाही. एखाद्या मुसलमान मित्राचा पत्ताही निघू शकतो. किंवा शाह अब्दुल लतीफच्या ओळी उतरवून घेतलेल्या असतील, त्या वयाच्या शिकलेल्या सिंधी माणसांनी हे फार केलेलं आहे. अठराव्या शतकातला हा सूफी मुसलमान कवी, आणि त्याच्या ओळी निर्वासित हिंदूंच्या तोंडी. त्यातली मारुईची गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. थरच्या वाळवंटातली, मलीरची मुलगी. उमरकोटचा राजा उमर तिला उचलून नेतो, रेशमी वस्त्रं देतो, राणी हो म्हणतो. ती अंगावरची जाडीभरडी लोई सोडत नाही, आपल्या माणसांची आणि मलीरच्या पावसाची वाट बघत राहते. पण मारुईला अखेर परत जायला मिळतं. तुझ्या आजोबांच्या पिढीने ही गोष्ट ऐकली असेल तेव्हा तो शेवट कसा सोसला असेल, हे माझ्या डोक्यात अधूनमधून येतं.

लेकीचं विचारलंस. ती मराठी आहे, असू दे. मराठी असणं आणि सिंधी असणं यात कोणीतरी एक खुर्ची सोडली पाहिजे असं काही नाही. आपल्या राष्ट्रगीतात सिंध आणि मराठा यांच्यामध्ये फक्त गुजरात आहे. सिंध भारतात नाही तर तो शब्द काढा, अशी मागणी घेऊन कोणी सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, 2005 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. शब्द राहिला.

तिला एक खेळ शिकव. आजोबांचं ते वाक्य तू लिहिलंस ना, 'घरि वञिणो आहे'. त्यातलं 'आहे' हिंदीत नाही, गुजरातीत नाही. ते मराठीत आहे आणि सिंधीत आहे. पाणी दोन्हीकडे पाणीच. आपला आंबा तिकडे अंब. आपण विसरतो, तेही 'विसरणु'. चार वर्षांच्या पोरीला असे शब्द शोधायला मजा येते, आणि आजोबा, म्हणजे तुझे बाबा, त्या खेळात भिडू म्हणून आयते मिळतील.

सिंधी कढी केली की संस्कृती टिकली असं सांगणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे, त्यामुळे स्वयंपाकाबद्दल फार बोलत नाही. आवडत असेल तर कर. सासूबाई विचारतील, ताक कुठंय यात? सांग की यात ताक नसतं, बेसन आणि चिंच असते, आणि नावावरून भांडू नका. सणाचं मात्र सोपं आहे. पाडव्याला गुढी उभारतेस, चेटीचंड बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी येतो. तुझ्या घरी वर्षाची सुरुवात दोन दिवस चालते असं लेकीला सांग. तिला त्या दिवशी उल्हासनगरला ने. झूलेलाल सिंधू नदीचा देव. तो इकडे आला तेव्हा सिंधू मागे राहिली होती, तेव्हा बहराणा, म्हणजे त्याच्या पूजेचं दिव्याचं ताट, निघाला तो मिळेल त्या पाण्याकडे. देवाने नदी बदलली तरी त्याला कोणी मूळ नदी कोणती असं विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आणि हळदीकुंकू. "गाव कोणतं?" हा प्रश्न विचारणाऱ्या बायकांचं गाव म्हणजे काय असतं, ते मला माहीत आहे कारण मी त्यांच्यातलीच आहे. माझ्या गावच्या सातबाऱ्यावर 19 नावं आहेत, निम्म्यांना मी ओळखत नाही, घराची एक भिंत पडली आहे आणि मी तिथे शेवटची गेले त्याला अकरा वर्षं झाली. तरी मी ठसक्यात गावाचं नाव सांगते. तूही सांग. "हैदराबाद, सिंधमधलं. तिथून कॅम्प चार." दोन्ही सांग, एकापुढे एक, जसं कोणी 'मूळचे राजापूरचे, आता गिरगावात' म्हणतं तसं. 'पण' घालू नकोस मध्ये. आणि कोणी म्हणालं की ते तर पाकिस्तानात, तर म्हण, हो, आणि वाण पुढे कर.

मे महिन्यात सोसायटी रिकामी होते तेव्हा तूही बॅग भर आणि लेकीला घेऊन विठ्ठलवाडीला उतर. आठ दिवस राहा. ते तुझं आजोळ नाही, माहेर आहे, आणि लेकीचं आजोळ आहे. वह्या बरोबर ने. जेवणं झाल्यावर, बाबा टीव्ही लावायच्या आत, पहिलं पान उघड.

पहिली ओळ लागली की मला कळव. उधारीचा हिशेब निघाला तरी कळव, कोणाकडे किती बाकी होती ते मला वाचायचं आहे.

— तुझी ताई